बायोसेफ्टी कॅबिनेटवर एकटीने बसायची परवानगी मिळेपर्यंत : माझा अनुभव

टीबी कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले टीबीचे जंतू वाढवून बघायच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या माणसाच्या हातात कोणी लगेच स्पुटमची (रुग्णाच्या कफाची) बाटली देत नाही. आधी बायोसेफ्टी कॅबिनेटचं, म्हणजे उडालेले जंतू आत ओढून बाहेर न सोडणाऱ्या समोरून उघड्या पेटीचं ट्रेनिंग, मग मॅडमसमोर सगळं करून दाखवायचं, मग रजिस्टरमध्ये सही, आणि मगच एकटीने बसायचं. मी यातून गेलेय, आणि एमएस्सी मायक्रो करून लॅबला लागणारी मुलंमुली सारखं विचारतात की नेमकं काय करून घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात झाली ती लॅमिनार आणि कॅबिनेट यातल्या फरकापासून. कॉलेजात आपण सगळे लॅमिनारवर बसलेलो असतो, त्यात फिल्टरमधून गाळलेली हवा टेबलावरून सरळ आपल्या अंगावर येते. प्लेटा ओतायला, मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) भरायला ते उत्तम, कारण तिथे जपायचं असतं मीडियाला. पण तिथेच टीबीचा नमुना उघडला तर उडालेलं सगळं थेट आपल्या तोंडावर. आमच्याकडे होतं ते क्लास टू, टाईप ए टू या प्रकारचं कॅबिनेट. त्यात समोरच्या उघड्या भागातून खोलीतली हवा आत ओढली जाते आणि पुढच्या जाळीतून खाली जाते, वरून गाळलेली हवा टेबलावर उतरते, मग साधारण 70 टक्के हवा फिल्टर होऊन परत आत फिरते आणि 30 टक्के दुसऱ्या हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून बाहेर पडते. म्हणजे माणूसही जपला जातो, नमुनाही जपला जातो आणि खोलीही.

टीबीला याचं एवढं महत्त्व का, तर नमुना हलवताना, झाकण उघडताना, पिपेटने शेवटचा थेंब फुंकून काढताना जे बारीक कण उडतात ते 1 ते 5 मायक्रॉनचे असतात, दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोलवर जातात. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कण सुद्धा 99.97 टक्के अडवतो. पण फिल्टर कितीही चांगला असला तरी कण आधी त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे ना, आणि ते सगळं अवलंबून आहे समोरच्या हवेवर. ही आत जाणारी हवा असते फक्त सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाची. माणूस साधा चालतो त्याचा वेग याच्या दुपटीपेक्षा जास्त असतो. मॅडमनी हा आकडा सांगितला तेव्हा मला कॅबिनेटबद्दलचं सगळं एकदम समजल्यासारखं झालं.

सगळ्यात जास्त शिकवून गेला तो धूर. सर्व्हिस इंजिनिअर वर्षाच्या तपासणीला आले होते, त्यांनी धुराची नळी काचेच्या खालच्या कडेशी धरली आणि धूर मोरीत पाणी जावं तसा जाळीत ओढला गेला, एक पट्टा सुद्धा बाहेर आला नाही. मग ते मला म्हणाले, "आता तुम्ही हात आत घाला, पण सावकाश, सरळ." घातला, धूर थोडा थरथरला आणि परत नीट झाला. मग म्हणाले, "आता झटकन आडवा फिरवा." आणि हाताच्या मागोमाग धुराची एक शेपटी काचेबाहेर, अगदी माझ्या गाऊनच्या छातीपर्यंत आली. नंतर जाळीवर एक साधी वही ठेवून दाखवली, तर जिथे जाळी झाकली तिथून धूर बाहेर सांडत होता. शेवटी मागून एक जण मुद्दाम भराभर चालत गेला, तेव्हाही तेच. माझं म्हणणं आहे की प्रत्येक नवीन माणसाला एसओपी (कामाची लेखी पद्धत) वाचायला देण्याआधी हा धूर दाखवावा, कारण त्यानंतर एकही नियम पाठ करावा लागत नाही.

मग हात सरळ घालायचे, सरळ काढायचे, आत घातल्यावर मिनिटभर थांबून हवा स्थिर होऊ द्यायची, काम जाळीपासून किमान 10 सेंटिमीटर आत करायचं, कोपर जाळीवर टेकवायचं नाही. सारखा हात आतबाहेर नको म्हणून लागणारं सगळं आधीच आत मांडून ठेवायचं, स्वच्छ सामान एका बाजूला, नमुने मध्ये, टाकाऊ डबा दुसऱ्या बाजूला, आणि तो डबा आतच ठेवायचा, बाहेर टेबलाखाली नाही. कॅबिनेट सुरू करून किमान पाच मिनिटं नुसतं चालू द्यायचं. आमच्या खोलीत छताचा पंखा होता त्याची जोडणीच काढून टाकली होती, आणि एसीची झोत कॅबिनेटवर येणार नाही अशी फिरवलेली होती. मे महिन्यात गाऊन, दोन ग्लोव्ह्ज आणि एन95 घालून तीन तास बसणं सोपं नाही, पण पंखा हवाच असं एकदाही कोणी म्हटलं नाही.

दोन गोष्टी कॉलेजच्या सवयीतून मोडाव्या लागतात. एक म्हणजे बर्नर. ज्योतीची गरम हवा वर उठते आणि वरून उतरणारी हवा विस्कटते, फिल्टरला धोका, आणि शेजारी स्पिरिटची बाटली असली तर आग. त्यामुळे आत डिस्पोजेबल लूप आणि स्टराईल पिपेट, बर्नर नाहीच. दुसरी म्हणजे यूव्ही, म्हणजे कॅबिनेटमधला अतिनील किरणांचा दिवा. खूप लोक यूव्ही लावला की झालं निर्जंतुक असं धरून चालतात, पण यूव्ही सावलीतलं काही मारत नाही, ट्यूबवर धूळ बसली की त्याचा जोर जातो, आणि चालू असताना समोर बसलं तर डोळे आणि कातडी भाजते. खरं काम पुसण्यानेच होतं. आणि पुसायला काय वापरताय तेही बघा, टीबीच्या जंतूचं आवरण मेणासारखं असतं, फरशीसाठी मिळणारी सगळीच जंतुनाशकं त्याच्यावर काम करत नाहीत. आमच्याकडे 5 टक्के फिनॉल आणि 70 टक्के अल्कोहोल. हायपोक्लोराईट वापरलं तर नंतर पाण्याने पुसून घ्यायचं, नाहीतर स्टीलला गंज लागतो.

मग आली रंगीत पाण्याची प्रॅक्टिस. स्पुटमऐवजी फ्लुओरेसिन (यूव्हीखाली चमकणारा रंग) मिसळलेलं पाणी, बाकी सगळं खऱ्यासारखं. नमुन्यात एनएएलसी-सोडियम हायड्रॉक्साईड (कफ पातळ करून बाकीचे जंतू मारणारं द्रावण) घालायचं, व्होर्टेक्स करायचं म्हणजे मशीनवर ट्यूब गरगर हलवायची, 15 मिनिटं ठेवायचं, त्याचा जोर कमी करायला बफर घालायचा, सेंट्रिफ्यूजचे झाकणवाले बकेट कॅबिनेटच्या आतच भरायचे आणि फिरून आल्यावर आतच उघडायचे. सगळं झाल्यावर खोलीतले लाईट बंद करून मॅडमनी हातातला यूव्ही टॉर्च फिरवला. हिरवट ठिपके कुठे दिसले, तर ग्लोव्हच्या अंगठ्यावर, ट्यूबच्या आट्यांवर, आणि वरचं पाणी ओतून टाकतो त्या डब्याच्या तोंडाभोवती. व्होर्टेक्सनंतर ट्यूब लगेच न उघडता थोडा वेळ थांबायला का सांगतात, आणि डब्यात ओतताना फनेल का लावतात, आणि वरचा ग्लोव्ह बाहेर यायच्या आधी आतच का काढायचा, हे त्या ठिपक्यांनी सांगितलं.

शेवटी तोंडी परीक्षा. त्यात मॅडम नेमके अडचणीचे प्रश्न विचारतात. "आत ट्यूब फुटली तर काय करशील?" कॅबिनेट बंद करायचं नाही, हे पहिलं उत्तर. सांडलेल्यावर टिश्यू अंथरायचा, कडेकडून मध्ये असं जंतुनाशक ओतायचं, अर्धा तास थांबायचं, काच चिमट्याने उचलायची. "आणि लाईट गेली तर?" हा प्रश्न आपल्याकडे फार खरा आहे. लाईट गेली की समोरची हवा गेली, म्हणजे उघडी ट्यूब आणि आपण यांच्यामध्ये काहीच उरत नाही. झाकणं शांतपणे लावायची, मास्क तसाच ठेवून खोलीबाहेर यायचं, दार लावायचं, सांगायचं. यूपीएस असला तरी तो काम पुरं करायला नाही, झाकणं लावून उठायला आहे असं मॅडम म्हणाल्या, आणि मला ते पूर्ण पटतं, कारण दहा मिनिटांचा बॅकअप बघून लोक अर्धी बॅच ओढायला जातात.

सही मिळाल्यावरही पहिल्या खऱ्या बॅचला मॅडम मागे खुर्ची टाकून बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. आमचे अटेंडंट मामा दाराशी उभे राहून कोणाला आत सोडत नव्हते. बॅच छोटी होती, एका वेळी एकच ट्यूब उघडी ठेवत मी ती संपवली. एमजीआयटी ट्यूबमधला (टीबीचे जंतू वाढवायच्या मीडियाच्या ट्यूबमधला) निकाल यायला 42 दिवसांपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे त्या दिवशी काम नीट झालं की नाही ते कंटॅमिनेशनवरूनच, म्हणजे ट्यूबमध्ये भलतेच जंतू वाढतात का त्यावरूनच हळूहळू कळत गेलं.

तुम्ही कुठे जॉईन होत असाल तर कॅबिनेटवरचा तपासणीचा स्टिकर आधी बघा. वर्षातून एकदा, आणि कॅबिनेट जागेवरून हलवलं किंवा फिल्टर बदलला तर परत, तपासणी झालेली पाहिजे. तारीख उलटून गेलेली असेल तर जॉईन झाल्या झाल्या विचारायला अजिबात लाजू नका, आणि तपासणी होईपर्यंत त्यावर नमुना उघडू नका.