वडापावचा हिशेब आणि व्हाउचर नंबर

२०२४च्या विधानसभेला मी एका उमेदवाराचं खर्चाचं रजिस्टर लिहिलं. नाव आणि मतदारसंघ सांगत नाही, सांगलीकडचा आहे एवढं पुरे. आणि ते पडले, हेही आधीच सांगून टाकते. हिशेब लिहिणं हा माझा धंदा. चार यंत्रमागवाले, दोन मेडिकल, एक खताचं दुकान. निवडणूक कधी लिहिली नव्हती.

रजिस्टरला तीन रंगांची पानं. पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. निवडणुकीपुरतं वेगळं खातं काढायचं, दहा हजारांच्या वर रोख द्यायची नाही, आणि प्रचाराच्या काळात तीनदा वही घेऊन निरीक्षकांपुढे उभं राहायचं. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची वही असते, तिला छाया रजिस्टर म्हणतात. पहिल्याच तपासणीला तिथला माणूस म्हणाला, "ताई, खुर्च्या दीडशे लिहिल्यात. आमच्या व्हिडिओत दोनशे दहा आहेत." मग वडापाव. आम्ही ४०० घेतले होते, १२ रुपयांनी, बिल होतं. पण निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकात वडापाव १५चा, म्हणून १,२०० रुपये खर्चात वाढवून लिहा. लिहिले. तक्रार नाही, वही अशीच असावी.

उमेदवाराला मर्यादा ४० लाखांची. पक्षाने किती खर्च करावा याला मर्यादाच नाही. बाहेरून मोठे नेते आले, त्यांचं हेलिकॉप्टर पक्षाचं, ते माझ्या वहीत येत नाही. पण आमचे साहेब त्यांच्याशेजारी स्टेजवर चढले, म्हणून मांडव आणि स्पीकर माझ्या वहीत. ही मर्यादा खरी कोण पाळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोपीनाथ मुंडे यांनी २०१३ साली मुंबईत भर कार्यक्रमात सांगितलं होतं, की २००९च्या लोकसभेला आपले आठ कोटी गेले. तेव्हा मर्यादा २५ लाखांची होती. निवडणूक आयोगाने नोटीस पाठवली. खरं बोलल्याबद्दल, असं आमचे आप्पा अजून म्हणतात.

आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते, जन्माचे काँग्रेसवाले. माझा भाचा पुण्यात आयटीत, आणि कट्टर भाजप. निवडणूक रोखे म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन, नाव गुप्त ठेवून पक्षाला द्यायची देणगी. त्याच २०२४च्या मार्चमध्ये या रोख्यांची यादी बाहेर आली, तेव्हा योगायोगाने दोघंही आमच्याकडे होते. १५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने ती योजना पाचही न्यायमूर्तींच्या एकमताने रद्द केली होती. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. का, तर रोखे घेणाऱ्यांची नोंद एकीकडे, वटवणाऱ्या पक्षांची दुसरीकडे, आणि २२,२१७ रोखे जुळवायला वेळ लागेल. मी हे वाचून मोठ्याने हसले. माझी मार्चअखेर चालू होती. कोर्ट म्हणालं, जुळवू नका, आहे तसं द्या.

१४ तारखेला आलं ते आहे तसंच होतं. एक यादी घेणाऱ्यांची, एक पक्षांची. दोन्हीत तारखा, दोन्हीत रकमा. भाचा आणि आप्पा लगेच आपापल्या मोबाइलवर शोधायला बसले, आणि गंमत अशी की प्रत्येकजण दुसऱ्याच्याच पक्षाचं शोधत होता. आप्पांना भाजपचे सहा हजार कोटी सापडले. भाच्याला तृणमूलचे सोळाशे आणि काँग्रेसचे चौदाशे. तो म्हणाला, "आधी पोत्यातून रोख जायची, आता बँकेतून तरी गेली ना? आणि नाव फुटलं की दुसरा पक्ष त्या माणसाला सोडेल का?" आप्पा म्हणाले, "धाड पडली की रोखा घ्यायचा, याला देणगी म्हणतात होय रे?" चहा दोनदा झाला.

मी त्या दोन याद्या पाहत होते. जमा आहे, नावे आहे, पण एकीची नोंद दुसरीशी जोडणारा व्हाउचर नंबर नाही. असं कुणी माझ्यापुढे ठेवलं असतं, तर मी वही परत केली असती. रोख्यांचे नंबर २१ तारखेला आले, तेही कोर्टाने पुन्हा सुनावल्यावर. तोवर दोघंही भांडून आपापल्या गावी गेले होते. द्रमुकने मात्र सांगितलं होतं, की लॉटरीवाल्या फ्यूचर गेमिंगकडून ५०९ कोटी मिळाले. माकपने रोखे घेतलेच नव्हते, उलट त्याविरुद्ध कोर्टात गेले होते. पण २०१३मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणलं, तेव्हा काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, माकप, सगळ्यांनी एका ओळीत तो आदेश पाळला नाही. त्या वेळी आप्पा आणि भाचा एका बाजूला असते.

आता रोखे गेले, आणि मोठी रक्कम इलेक्टोरल ट्रस्टमधून जाते, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थांमधून. ट्रस्टला दिलं कोणी ते कळतं, ट्रस्टने दिलं कोणाला तेही कळतं. कोणाचे पैसे कोणाकडे गेले, ते नाही. पुन्हा व्हाउचर नंबर नाही.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात म्हणू शकले असते, जर नोव्हेंबरात एक दुपार आली नसती. आमच्या गावातले एक व्यापारी ऑफिसात आले, खुर्चीच्या कडेवर बसले. साहेबांना पन्नास हजार द्यायचे होते. एका माणसाकडून दहा हजारांच्या वर रोख घेता येत नाही, म्हणून मी म्हटलं चेक द्या, शेवटच्या विवरणपत्रात तुमचं नाव येईल. ते म्हणाले, "ताई, नाव नको. दुसरा निवडून आला तर माझा गाळा बाजार समितीत आहे." भाचा जे म्हणत होता तेच. आणि भीती खोटी नव्हती, तो गाळा मी पाहिलाय. मी म्हटलं, मग नाही जमायचं. त्यांनी चहा संपवला, "बरं" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून प्रचाराच्या तीन जीपगाड्यांच्या डिझेलची बिलं माझ्याकडे यायची थांबली. गाड्या फिरत होत्या. पंपावरचा पोरगा मला ओळखतो, विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी विचारलं नाही. निकालानंतर तीस दिवसांच्या आत हिशेब दाखल झाला, त्यात वडापाव पंधराच्या दराने बरोबर आहेत.