पार्किंगमधली फेक

फ्लाय फिशिंगचा, म्हणजे खोट्या माशीने मासे गरवायचा, रॉड विकत घेताना त्याला कुणी पाणी दाखवत नाही. इथे डेन्व्हरला मी पाहिलेल्या दुकानांत रीत एकच. काउंटरमागचा दाढीवाला पोरगा रॉडचे चार तुकडे एकात एक बसवतो, रीळ अडकवतो, लाइनच्या, म्हणजे दोरीच्या, टोकाला गळाऐवजी लोकरीचा इवलासा गोंडा बांधतो आणि म्हणतो, चला, फेकून बघा. फेकायचं ते दुकानामागच्या पार्किंगमध्ये. डांबरावर घासून लाइन खरवडते म्हणून कडेच्या हिरवळीच्या पट्ट्यावर उभं राहायचं आणि मागे-पुढे, मागे-पुढे करत ती सोडत जायची. गोंडा सत्तर फुटांवरच्या कुणाच्या तरी पिकअप ट्रकपाशी जाऊन पडला की गिऱ्हाइकाचा चेहरा उजळतो आणि हजार डॉलरचा रॉड खपतो.

आता इथल्या साउथ प्लॅट नदीवर, डेकर्स गावाच्या आसपास, ट्राउट मासा मला बहुतेक वेळा पंचवीस-तीस फुटांवर लागतो. कधी त्याहूनही जवळ, एखाद्या धोंड्याआड, मांडीभर पाण्यात. स्टँडवर लावलेली सायकल हाणून तिचा घाटातला दम जोखावा, तसा हा पार्किंगमधला व्यवहार आहे. आणि गेल्या पन्नास वर्षांत या रॉडची जी मॉडेलं निघत गेली, त्यांचा कल पाहिला तर वाटतं, त्यांच्यावर नदीपेक्षा पार्किंगचेच संस्कार जास्त झालेत.

कोकणात गरवायला जाणाऱ्याला ही भानगड आधी समजावून सांगावी लागते. आपल्याकडे गरीला कोळंबीचा तुकडा लावतात, वर शिशाचं वजन असतं. फेकलं की वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागून. इथे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजनच नाही. म्हणून मग लाइनच जाड आणि वजनदार करायची, फेकायची तीच. माशी आपली तिच्या शेपटाला लागून जाते. लाइन हवेत मागे उलगडली की तिच्या ओढीने रॉड वाकतो आणि सरळ होताना तिला पुढे फेकतो. म्हणजे रॉड ही एक लांबलचक स्प्रिंग. ती बुडापासून वाकते की नुसती शेंड्याला, आणि वाकल्यावर किती झटकन सरळ होते, एवढ्यावर आजवरची सगळी मॉडेलं आणि सगळी भांडणं.

मालवणच्या मामाला मी हे सगळं फोनवर सांगितलं होतं. धरलेला ट्राउट मी परत पाण्यात सोडतो, इथपर्यंत त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सोडूचोच होतो, तर धरलंस कित्याक?" मामाची स्वतःची काठी माणग्याची, म्हणजे कोकणातल्या त्या जवळजवळ भरीव बांबूची. तिला मॉडेल नाही. मोडली की बेटातून दुसरी तोडून आणायची.

पण गंमत अशी की अमेरिकेतल्या रॉडचे चांगले दिवस सुरू झाले तेही भारतातल्या बांबूपासूनच. त्याआधी हिकरी, अ‍ॅश, लान्सवूड, दक्षिण अमेरिकेतून येणारं ग्रीनहार्ट, अशा लाकडांचे जड दांडके असायचे. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिपी नावाचा कारागीर होता. बंदुका बनवायचा, व्हायोलिनही बनवायचा. त्याने बांबू उभा चिरला, पट्ट्या तासल्या आणि सरसाने चिकटवून त्याचा रॉड केला. बांबूची सगळी ताकद सालीखालच्या दाट धाग्यांत असते. आत जावं तसा तो भुसभुशीत होत जातो. तेव्हा आतला भाग तासून टाकायचा आणि सालीकडच्या चिवट पट्ट्याच तेवढ्या एकमेकींना भिडवायच्या. व्हायोलिनचं लाकूड हाताळलेल्या माणसाला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही. हा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जाई, म्हणून 'कलकत्ता केन' हेच त्याचं बाजारातलं नाव.

पुढे १८७० च्या दशकात मेन राज्यातल्या हिराम लिओनार्डने सहा त्रिकोणी पट्ट्यांचा षटकोनी रॉड यंत्रावर काढायला सुरुवात केली. पट्ट्या तासायचं ते यंत्र कुलपाआड असे आणि घरच्याच माणसांना तिथे प्रवेश असे, असं सांगतात. सहाच पट्ट्या का? साठ अंशांचे सहा कोन एका केंद्राभोवती बरोबर मिटतात म्हणून. इंजिनिअरला अशा गोष्टींचं विनाकारण समाधान वाटतं. कलकत्ता केनवर पुष्कळदा जळल्याचे डाग असत आणि डागाच्या जागी धागा कमकुवत. म्हणून विसाव्या शतकात तो मागे पडला आणि दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगचा बांबू आला. त्याला 'टोंकिन' म्हणायची पद्धत पडली. टोंकिन व्हिएतनाममध्ये आहे, पण व्यापाऱ्यांना भूगोल कोण विचारतो.

बांबूच्या रॉडबद्दल लोक फार हळवं बोलतात. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एकदा त्यांच्या वडलांचा रॉड माझ्या हाती दिला होता, म्हणून माझंही मत बनलेलं आहे. वस्तू देखणी, यात शंकाच नाही. मधासारख्या रंगाचं व्हार्निश, रेशमी दोऱ्याचे वेढे, जोडाला जर्मन सिल्व्हरच्या नळ्या. तासकाम इतकं बारीक की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. पण तासाभरात माझं मनगट भरून आलं. शिवाय ओला ठेवायचा नाही, भिंतीला टेकवून ठेवायचा नाही, नाहीतर कायमचा बाक येतो. एवढी बडदास्त ठेवायला वेळ आणि नोकर दोन्ही लागत असणार, आणि ज्यांच्यासाठी हे रॉड घडवले गेले त्यांच्याकडे ते होतेही.

मग १९५० मध्ये कोरियातलं युद्ध पेटलं आणि अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. चांगला बांबू वीसेक वर्षं येईनासा झाला. एका नदीकाठच्या छंदाची कच्च्या मालाची वाट अशी वॉशिंग्टनमध्ये अडली. पण तोवर बदली माल तयार होता. काचेचे धागे रेझिनमध्ये बसवण्याचं तंत्र महायुद्धात वाढलं होतं, आणि आर्थर हॉवल्डच्या पद्धतीने शेक्सपिअर कंपनीने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'वंडरॉड' बाजारात आणला होता. (ही शेक्सपिअर मिशिगनची, नाटकांशी संबंध नाही.) फायबरग्लासचा रॉड स्वस्त, पाण्यात विसरला तरी कुजत नाही, पोरांनी आपटला तरी सहसा मोडत नाही. वाकतो पार मुठीपर्यंत, आणि निवांतपणे सरळ होतो. त्यातला एक शोध मला फार आवडतो: फेनविक कंपनीच्या जिम ग्रीनने जोडाची धातूची नळीच काढून टाकली आणि काचेतच काच बसेल असा सांधा केला. रॉडच्या मध्यावर लटकलेलं ते निर्जीव वजन गेलं आणि दोन तुकड्यांचा रॉड एकसंध असल्यासारखा वाकू लागला. जाहिरातीत मिरवायला यात काही नव्हतं, पण फेकणाऱ्या हाताला फरक लगेच कळत असणार.

कार्बनची कथा निराळीच. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन केंद्रात १९६० च्या दशकात बळकट कार्बन धागा तयार झाला. रोल्स-रॉइसने जेट इंजिनाच्या पंख्याची पाती त्याची करून पाहिली. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती पाती फुटली. १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, त्यामागे त्या इंजिनाचा वाढलेला खर्च होता. आकाशात नापास झालेला धागा खेळाच्या सामानात मात्र पहिल्या झटक्यात पास झाला. १९७३-७४ च्या सुमारास फेनविकने कार्बनचा फ्लाय रॉड आणला आणि वजनं धडाधड उतरली. नऊ फुटी बांबूचा रॉड पाच-सहा औंसांचा. आज तेवढ्याच लांबीचा कार्बनचा रॉड अडीच-तीन औंसांत, म्हणजे सत्तर-पंच्याऐंशी ग्रॅममध्ये बसतो. हे खरंखुरं सुख आहे. दिवसभर फेका, खांदा तक्रार करत नाही.

गाडी इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण धागा आणखी ताठ करता येतो म्हटल्यावर तो केला गेलाच. आणि रॉड आखणारे लोक कोण होते तेही पाहायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३० च्या दशकात बांधलेले मोठे हौद आहेत, फक्त फेकीच्या सरावासाठी. त्यांत मासा नसतो. अमेरिकेतले कितीतरी पट्टीचे फेकणारे त्या काठावर तयार झाले, आणि त्यांच्यातले काही पुढे रॉडच्या कंपन्यांत गेले. जिम ग्रीन स्पर्धेत फेकणारा. जी. लूमिस कंपनीचे रॉड वर्षानुवर्षं आखणारा स्टीव्ह राजेफ तर फेकीतला जगज्जेता. अशा माणसाच्या हाताला ताठ, चपळ रॉड आवडणारच. ऐंशी फुटांवर गोंडा टाकणं त्यांना चहा पिण्याइतकं सोपं. 'फास्ट' हा शब्द कॅटलॉगमध्ये आला तो असा, आणि मग गेलाच नाही. स्लो मॉडेल घ्या, असं गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगणार?

याचा कळस मला लाइनच्या नंबरांत दिसतो. १९६० च्या सुमारास अमेरिकी उत्पादकांनी ठरवलं की लाइनला तिच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून नंबर द्यायचा. पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन, साधारण नऊ ग्रॅम. रॉडवरही तोच नंबर, म्हणजे जोडी जमवायला सोपं. ठरलं होतं तीस फुटांवरून, हे ध्यानात घ्या. तेव्हाच्या लोकांना मासा कुठे असतो ते ठाऊक होतं. पुढे पाच नंबरचे रॉड इतके ताठ झाले की पाच नंबरची लाइन तीस फूट बाहेर असली तरी ते वाकेनात. यावर उपाय काय निघाला? रॉड मऊ करण्याचा नव्हे. लाइनवाल्यांनी पाकिटावरचा नंबर तसाच ठेवून आतली लाइन अर्ध्या-एका नंबराने जड केली. आता कपाळावर पाच लिहिलेला रॉड सहाचा असतो, त्यावर पाचाच्या पाकिटातली साडेपाच-सहाची लाइन चढते, आणि फेक झकास होते. दोन खोट्यांचा गुणाकार बरोबर येतो. आमच्या ऑफिसात असा हिशेब कुणी दाखवला तर ऑडिट लागेल.

नावांबद्दल काय बोलावं. वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर १९८० मध्ये सुरू झालेली सेज घ्या. आरपीएल, एसपी, एक्सपी, झेड-अ‍ॅक्सिस, वन, एक्स, आर-एट. वाचताना रसायनशास्त्राची पुरवणी हातात आल्याचा भास होतो. दर काही वर्षांनी नवं मॉडेल, नवा रंग, नवं रेझिन. रॉड वाईट नाहीत, उलट उत्तमच आहेत. मात्र डोळ्यांवर पट्टी बांधून मागचं आणि पुढचं मॉडेल हातात दिलं, तर मला ओळखता येणार नाही, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या बोलघेवड्यांनाही नाही.

इकडे दुसऱ्या टोकाला उलटी वाट सुरू आहे. पोरवयाची मंडळी पुन्हा फायबरग्लासचे रॉड घेतायत, तेही भारी किमतीला. तेनकारा नावाचा जपानी रॉड २००९ पासून अमेरिकेत विकायला आला. त्यात रीळच नाही, लाइन थेट शेंड्याला बांधायची. युरोपात शेकडो वर्षांपूर्वी घोड्याच्या केसांची दोरी काठीच्या शेंड्याला बांधत, तसंच. मामाही तसंच बांधतो, पण त्याला मी तेनकाराची किंमत सांगितलेली नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर ओढ्यावर सात फुटी फायबरग्लास आणि नदीवर दोन पिढ्या मागचा कार्बन. मागचा मुद्दाम. नवं मॉडेल दुकानात लागलं की जुन्याची किंमत एका रात्रीत तीस-चाळीस टक्क्यांनी उतरते, आणि मागच्या वेळी पार्किंगमध्ये ज्याच्यावर लोक लट्टू झाले होते तोच रॉड कोपऱ्यातल्या पिंपात येऊन पडतो. त्यामुळे नव्या मॉडेलची बातमी आली की आमच्या घरात सर्वांत जास्त आनंद मला होतो. ही विचारते, "घेणार आहेस का?" मी म्हणतो, "छे, नवा नाही घेणार." पुढचं मार्चमध्ये येतंय म्हणतात. आताचं जे आहे, त्याची मूठ छान आहे. त्यावर माझा डोळा आहे.