घमेलं हुंगून सोडलं

आश्विन वद्य चतुर्थी, संध्याकाळ

आज छाटणीवाल्यांच्या पोरीच्या हातून हरणी, आमच्या घोडीचं नाही पण आमचंच शिंगरू, जेवली.

झालं ते एवढंच. पण दुपारपासून घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. ह्यांना सांगायला गेले तर हसले. म्हणून वही काढली. संकष्टी आहे, चंद्रोदयाला अजून बराच अवकाश, तोवर काहीतरी करायचंच होतं.

'हातून' म्हणजे हातून नाहीच खरं तर. तिथंच तर दुखतंय.

रोजच्यासारखी सकाळी साडेसहाला चंदी घेऊन गेले. अर्धा किलो भरडलेला हरभरा, तेवढाच जव, मूठभर गव्हाचा कोंडा, चिमूट चिमूट करत चमचाभर मीठ, वरून गुळाचा खडा. हरभरा रात्री भिजवत नाही आता. ह्या दिवसांतला उकाडा असा की सकाळपर्यंत त्याला आंबूस वास येतो, म्हणून पहाटे चारला उठून भिजत घालते. पहाटे चारला! धाकटीच्या दहावीला उठत नव्हते मी चारला. घमेलं ठेवलं. हरणी आली, मान खाली घातली, नाकपुड्या फुलवून हुंगलं, एक लांब फुरफुर केली की कोंडा उडून माझ्या चपलांवर, आणि वळली. पाठ करून उभी राहिली. शेपटीसुद्धा माझ्याच बाजूला.

हा आठवा दिवस.

वैरण खाते. लसूणघासाची पेंढी टाकली की अशी तुटून पडते की बघणाऱ्याला वाटावं हिला कोणी चारा दाखवतच नाही. बांधावरची हरळी खाते. ह्यांनी संध्याकाळी चंदी ठेवली तर रडतखडत निम्मी तरी संपवते. दसऱ्याला म्हातारीच्या, म्हणजे आमच्या जुन्या घोडीच्या, गळ्यात झेंडूची माळ घातली, पूजा केली, निरांजन ठेवायला मी वळले तेवढ्यात हिनं माळेतली सगळी फुलं सुतासकट ओढून मटकावली. सूत तोंडातून काढता काढता माझी बोटं चावली. तेव्हा सगळे हसत होतो. ती तेव्हा माझ्याकडे येत होती हो. कुंपणापाशी माझा आवाज आला की खिंकाळायची, पदर ओढायची.

मग दुसऱ्या दिवशी मी ते औषध दिलं.

जंताचं. डॉक्टरांनी नळीतली पेस्ट दिली होती आणि सांगितलं होतं की सरळ तोंडात, जिभेच्या मागे सोडा, वर हनुवटी धरून ठेवा, मिनिटभराचं काम. मला कुठून अक्कल सुचली कोण जाणे. म्हटलं एवढंसं शिंगरू, कशाला धरपकड, गुळात कालवून देऊ, कळणारसुद्धा नाही. गूळ मऊ केला, पेस्ट मळली, लाडू वळला, हरभऱ्याखाली दडवला. तिनं विश्वासानं घेतला. दोनदा चावला. मग थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

ते बघणं मी वहीत कसं लिहू.

तेव्हापासून माझं घमेलं नको. घमेलं बदलून बघितलं. साबणाचा वास येत असेल म्हणून राखेनं घासलं. गूळ बंद केला, पुन्हा सुरू केला. गाजर किसून घातलं. सफरचंद घातलं, एकशे ऐंशी रुपये किलोचं, जे घरात आम्ही पाहुणे आल्याशिवाय कापत नाही. तोबऱ्यात घालून बांधलं तर मान हलवून हलवून तोबरा कानांवर नेला आणि तशीच उभी राहिली, टोपी घातल्यासारखी.

परवा डॉक्टरांना बोलावलंच. ताप 100.4. मी घाबरले, तर म्हणाले, घोड्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, 101 पर्यंत काही नाही. हिरडी बोटानं दाबली, पांढरी झाली आणि लगेच परत गुलाबी. दात बघितले. दुधाचे दात पडायला लागतात अडीच वर्षांच्या सुमाराला, ही तर जेमतेम दीड वर्षाची, तेव्हा तेही नाही. मग कुशीला नळी लावून आतडं ऐकलं आणि मलाही ऐकवलं. लांब कुठेतरी विहिरीवरची मोटर सुरू व्हावी तशी गुडगुड. हा आवाज थांबला तर घाबरायचं, म्हणाले, चालू आहे तोवर नाही. लीद बघितली. माप टेपनं छाती मोजून अंदाज काढला, अडीचशे किलोच्या आसपास.

"वहिनी, शिंगराला काही झालेलं नाही."

म्हणजे जे झालंय ते मला झालंय.

जाता जाता दोन गोष्टी सांगून गेले. कोंडा कमीच ठेवा, वाढतं हाड आहे, कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, त्यापेक्षा लसूणघास बरा. आणि एकदम ढीग ठेवू नका. मोठ्या घोड्याचं पोटसुद्धा आठ ते पंधरा लिटरचं, एवढ्या धुडाच्या मानानं पिशवीच ती, त्याला दिवसभर थोडं थोडं लागतं. आणि घोड्याला ओकता येत नाही, हेही म्हणाले. एकदा गिळलं की ते पुढेच जायचं, परतीची वाट नाही. म्हणून हुंगत असेल का एवढी? हे मी मनात विचारलं, त्यांना नाही.

तर आज दुपारी.

शेजारच्या बागेत छाटणी चालू आहे. पेठकडची माणसं आलीत, दरवर्षीचीच. त्यांच्यातली एक सात-आठ वर्षांची पोर सावली बघून आमच्या कुंपणाच्या आत येऊन बसते. मी काही म्हणत नाही. आज मी ओट्यावर साबुदाणा उपसत होते आणि खिडकीतून दिसलं. पोर आली, हातात नागलीची भाकरी. बसायला जागा करायची म्हणून सकाळचं ते भरलेलं घमेलं तिनं पायानं सरकवलं. पायानं! आणि हरणीकडे पाठ करून, भिंतीला टेकून, भाकरी खायला लागली.

हरणी पुढे आली. मान लांब करून पोरीच्या खांद्यावरून खाली आणली. घोड्याचा वरचा ओठ कधी जवळून बघितलाय का, तो बोटासारखा चालतो. त्या ओठानं तिनं भाकरीची कड चाचपली, इकडून तिकडून, आंधळ्या माणसानं नाणं ओळखावं तशी, आणि एवढासा काळपट तुकडा उचलला. पोरीनं वळूनही बघितलं नाही. नुसती भाकरी दुसऱ्या हातात घेतली. मग हरणीनं तोंड खाली नेलं, माझ्या घमेल्यात. आणि खायला लागली. माझाच हरभरा, माझाच जव, सकाळपासून उन्हात वाळलेला. कुडूम कुडूम आवाज खिडकीपर्यंत येत होता.

मी धावत बाहेर गेले. जायला नको होतं. मला बघितल्यावर हरणीनं मान वर केली, ओठाला कोंडा चिकटलेला, दोन पावलं मागे.

"खाती ना ती," पोर म्हणाली. जणू मीच काही आळ घेतला होता.

मी आत आले आणि साबुदाणा सगळा एका बाजूला लागला.

ह्यांचं म्हणणं, भूक लागली की खाईल, जनावर आहे. ह्यांना काय. ह्यांच्या घराण्याला हे जन्मजात येतं म्हणे. 1889 साली नाशिक ते नाशिकरोड ट्राम सुरू झाली, आधी घोडेच ओढायचे ती, चार चार. आबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, आजोबा त्या घोड्यांना चंदी चारायच्या कामावर होते, हे मी लग्न झाल्यापासून वर्षातून निदान चारदा ऐकलंय. मग आबांचा टांगा, स्टेशनपासून पंचवटीपर्यंत. आबा म्हणे नुसती जीभ टाळ्याला लावून 'टॉक' केलं की घोडा तोबऱ्यात तोंड घालायचा. आणि ह्या घरात मी आले ती गाईम्हशीवाल्यांकडून. म्हैस सरळ असते. पुढ्यात टाकलं की खाते, रुसली तर दूध देत नाही आणि विषय संपतो.

हरणीला आणलं तेसुद्धा मी. म्हणजे पैसे ह्यांचे, पण बोट माझं. सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला, तापीच्या काठी हजारो घोडी उभी. ह्यांना एक अबलख घोडा आवडला होता. ही आईवेगळी झालेली आठ महिन्यांची, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली, थंडीनं पोट ओढून उभी. मी हात पुढे केला तर तळव्यावर नाक ठेवलं. गरम गरम श्वास. मी म्हटलं ही. दलाल म्हणाला, बाई, हिला भोवरा चांगला आहे. मी अंगावरचा केसांचा भोवरा बघितलाच नव्हता.

आणि आता हात पुढे केला की मागे सरते.

आबांचं नको लिहायला.

नको म्हटलं तरी तेच येतंय. शेवटच्या महिन्यांत गोळी घ्यायचे नाहीत. मी मऊ भाताच्या घासात घालायचे, वर तूप, वर साखर. दोन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी घास गालात धरून ठेवला त्यांनी, बराच वेळ, आणि माझ्याकडे बघत राहिले. नंतर मी चमचा घेऊन आले की तोंड भिंतीकडे. मावशी भरवायला बसल्या की मात्र

जाऊ दे.

*

चंद्र दिसला, नैवेद्य दाखवला, जेवले. पोटात पडलं की माणूस जरा माणसात येतो.

मधल्या वेळात धाकटीचा फोन येऊन गेला. तिला सगळं सांगितलं, वाटलं ती तरी 'अरेरे' म्हणेल. तर म्हणते, "आई, तू समोर उभी राहतेस ना? पेपर लिहिताना बाई डोक्यावर उभ्या राहतात तशी?" मी म्हटलं, नाही. मग आठवलं, हो. उभी राहते. नुसती उभी नाही, 'खा ना गं, खा ना गं' म्हणते. घमेलं पुढे सरकवते, बाजूला घेते, हातानं हलवते, पुन्हा पुढे करते.

वर म्हणाली, "तुला आता सांगते, चिडू नकोस. पाचवी ते सातवी माझा डबा रिक्षावाले काका खायचे."

तीन वर्षं! मेथीचे पराठे, दुधीचे मुटके, त्या काळात मी सकाळी उठून नारळ खवायचे. आणि घरी डबा चाटूनपुसून रिकामा आला की किती समाधान वाटायचं मला. ते काका दिवाळीला न चुकता फराळाचं ताट परत करताना म्हणायचे, "वहिनी, तुमच्या हाताला चव आहे." मला वाटायचं, ह्या माणसाला नुसत्या चकलीवरून कसं कळलं.

फोन ठेवल्यावर हसायलाच आलं. ह्यांनी आतून विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं. घोडी मेली ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, आमच्याकडे शिंगरू धडधाकट आहे, हेलपाट्यानं मेले ती मी.

पण एक राहून राहून टोचतंयच. त्या पोरीनं काही केलं नाही. लाड नाही, गूळ नाही, नाव घेऊन हाक नाही. तिला ठाऊकही नव्हतं की हिनं खाल्लं तर बरं. तिची भाकरी कमी झाली म्हणून उलट जरा चिडलीच असेल. ते मला जमायचं कसं? खाल्लं काय आणि नाही काय, असं ज्याच्या बाबतीत वाटतच नाही, त्याच्या पुढ्यात तसं तोंड करून बसायचं म्हणजे पुन्हा फसवणूकच की. आणि हिला फसवणुकीचा वास येतो. हे तर सिद्ध झालंय.

उद्या घमेलं ठेवून तिथंच पाठ करून लसूण सोलत बसायचं ठरवलंय. दिवाळीच्या चिवड्याला नाहीतरी पाव किलो सोलायचाय. बघणार नाही. कानानं ऐकेन, त्याला काय होतंय. पुढची पेस्ट मात्र डॉक्टर म्हणाले तशी, हनुवटी धरून, तिच्या देखत. चिडली तर चिडू दे.

त्या पोरीसाठी एक भाकरी जास्त टाकावी का? नागलीचं पीठ आहे घरात. की तेही 'मागे लागणं' होईल?

*

झोपायच्या आधी बॅटरी घेऊन पागेत जाऊन आले. सांगितलं नाही कुणाला.

म्हातारी उभ्या उभ्या डुलत होती. हरणी वैरणीत आडवी, पाय पोटाशी घेतलेले. बॅटरी तिच्यावर मारली नाही, खाली घमेल्यात मारली. दुपारनंतर कधी खाल्लं कळलं नाही, पण तळ दिसत होता. हरभरा नाही, जव नाही, कोंडासुद्धा जिभेनं पुसून नेलेला, ओल्या जिभेचे पट्टे तेवढे पत्र्यावर. आणि मधोमध माझा गुळाचा खडा. जशाच्या तसा. त्याच्या आजूबाजूचा एकेक दाणा वेचून तो तेवढा नीट बाजूला काढलेला.

मी तो उचलला. गवताची कुसं लागली होती, ती फुंकली आणि तिथंच उकिडवी बसून, तिला दिसेल अशा बेतानं, तोंडात टाकला. हरणीचा एक कान वळला माझ्याकडे. फक्त कान.

जरा खारट लागला. मीठ जास्त पडलं असावं.