अर्जुनाच्या सालीची प्लेट : अर्क कधी टाकला ते आधी लिहा

मंगळवार. चैत्र संपत आला, दुपारी बाहेर ४३ अंश.

नदीकाठची साल आली आहे. तिचा अर्क ऑक्सिजन तुटलेल्या हृदयाच्या पेशींना वाचवतो का, ते प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये बघायचं आहे. आधी ती अर्जुनाचीच आहे का ते बघायचं. टसर रेशीमवाले येन (ऐन) आणि अर्जुन दोन्हीवर कोसे घेतात, त्यामुळे सोलणाऱ्याच्या पोत्यात दोन्ही सापडतात. येनाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अर्जुनाची बाहेरून पांढुरकी-राखाडी, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी, आतून गुलाबी. एकदा पूड झाली की डोळ्यांनी ओळखणं संपलं, म्हणून निवड सालीच्या तुकड्यांवरच करायची. वाळवण सावलीत.

भरड पूड १०० ग्रॅम, ७० टक्के इथेनॉल १ लिटर, ४८ तास, अधूनमधून ढवळून. गाळून ४५ अंशांखाली आटवायचं. यात टॅनिन भरपूर उतरतं, आणि खरी डोकेदुखी तिथूनच. टॅनिन पेशी वाढवण्याच्या माध्यमातल्या प्रथिनांना चिकटतं, साका बसतो, आणि पेशींपर्यंत नेमकं किती पोचलं ते कळत नाही. अर्क पीव्हीपीपीसोबत (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पूड) हलवून गाळला की बराचसा टॅनिन निघतो. सालीतल्या अर्जुनोलिक अ‍ॅसिडचं काम बघायचं असेल तर हे टाळून चालत नाही. साठ्याचं द्रावण डीएमएसओमध्ये (अर्क विरघळवणारा द्रव) १०० मिलिग्रॅम प्रति मिलि. हजारपट पातळ केलं की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, आणि डीएमएसओ ०.१ टक्का. त्याहून जास्त नको. नुसत्या डीएमएसओच्या विहिरी (प्लेटमधले खळगे) हव्यातच.

पेशी एच९सी२, उंदराच्या गर्भातल्या हृदयाच्या. तळ ७०-८० टक्के भरला की लगेच उचलून नव्या भांड्यांत वाटायच्या. गच्च भरू दिल्या तर त्या एकमेकींत मिसळून स्नायूतंतू बनवू लागतात आणि पुढचे सगळे निकाल बदलतात. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये विहिरीमागे १० हजार. कडेच्या विहिरींत पेशी नाहीत, नुसतं बफर (क्षारांचं पाणी). आपल्याकडच्या कोरड्या हवेत कडा लवकर सुकतात.

उन्हाळ्यातली गोम वेगळीच. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करू शकत नाही. लाइट गेली, एसी बंद पडला, इन्क्युबेटर मात्र यूपीएसवर चालू. खोली ३८ वर गेली की आतल्या पेशी ३७ वर राहणं शक्यच नाही. चांगला ताप बसला तर पेशी उष्माप्रथिनं बनवतात, आणि तीच त्यांना पुढे ऑक्सिजनच्या तुटवड्यात तगवतात. म्हणजे अर्क न टाकलेल्या विहिरीसुद्धा कमी मरतात. तापमानाची नोंद नसलेली मे महिन्यातली प्लेट मोजू नये, सरळ फेकावी.

ऑक्सिजन तोडायला ९५ टक्के नायट्रोजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. माध्यम ग्लुकोज आणि सीरमशिवायचं. ग्लुकोज असलं तर या पेशी त्यावरच तग धरतात आणि मरतच नाहीत. डबा धुऊन बंद केला तरी माध्यमातून आणि प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू सुटत राहतो, म्हणून तासाभराने पुन्हा वायू सोडायचा. कोबाल्ट क्लोराइडने हिफ-१ अल्फा (ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशीत साठणारं प्रथिन) टिकून राहतं हे खरं, पण तेव्हा पेशीच्या भोवती ऑक्सिजन असतोच. तो सोपा प्रयोग आहे, वेगळा प्रयोग आहे.

मोजणी. एमटीटी हे रसायन जिवंत पेशी जांभळं करतात; तो रंग पेशींनीच द्यायला हवा. सालीतले पॉलिफिनॉल (टॅनिन त्यांतलंच) पेशी नसतानाही तो देतात. म्हणून अर्क आहे, पेशी नाहीत अशा विहिरी ठेवायच्या. एमटीटी टाकण्याआधी अर्काचं माध्यम काढून पेशी बफरने धुवायच्या. ५७० नॅनोमीटरला मोजलेला त्या रंगाचा आकडा एकटा कधी छापू नये, सोबत गळलेलं एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम). आणखी एक : हेच पॉलिफिनॉल माध्यमात स्वतः ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. त्या किरकोळ चटक्याने पेशी आधीच सावध होतात, आणि श्रेय सालीला जातं.

आता वेळ. बहुतेक प्रयोगांत अर्क २४ तास आधी पाजतात आणि मग ऑक्सिजन तोडतात. छातीत कळ आलेला माणूस गडचिरोलीच्या आतल्या गावातून निघतो तेव्हा रक्तवाहिनी आधीच बंद झालेली असते. औषध द्यायची संधी मिळते ती गुठळी विरघळवताना, म्हणजे ऑक्सिजन परत मिळताना, आणि इजेचा मोठा वाटा तिथेच असतो : ऑक्सिजनविना साठलेलं सक्सिनेट हे इंधन एकदम जळतं, मायटोकॉन्ड्रियातून (पेशीच्या ऊर्जाघरांतून) मुक्त मूलकं उसळतात, कॅल्शियम भरतं, आम्लता उतरताच मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यातलं छिद्र उघडतं. तिथे कामी न येणारा अर्क रोजच्या काढ्याच्या बाजूने पुरावा होऊ शकेल, झटक्यावरचं औषध नाही. कळ आली की १०८, काढा उकळत बसायचं नाही.

उद्याची प्लेट : अर्क २४ तास आधी, अर्क फक्त ऑक्सिजन तोडताना, अर्क फक्त ऑक्सिजन परत देताना, नुसता डीएमएसओ, ऑक्सिजन न तोडलेल्या, पेशीविना अर्क, आणि ओळखीचा ताळा म्हणून सायक्लोस्पोरिन, जे ते छिद्र बंद ठेवतं. प्रत्येकी सहा विहिरी. तोडणं ६ तास, परत देणं १८. अर्क न टाकलेल्यांत निम्म्याच्या आसपास पेशी मेल्या नाहीत तर तास वाढवायचे, अर्काची मात्रा नाही.