‘बिटर’ या शब्दाचे दात

गेल्या महिन्यात एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना मी एका वाक्यापाशी दोन दिवस अडकून पडलो. कथेतल्या स्त्रीचा राग केव्हाच ओसरलेला आहे, आता ती फक्त ‘बिटर’ उरली आहे, एवढेच ते वाक्य सांगत होते. ‘ती कडू होती’ असे मराठीत लिहिता येत नाही. ‘ती कडवट झाली होती’ असे लिहिले की तिच्या जिभेला धार आल्यासारखी वाटते, आणि कथेतली बाई तर जवळजवळ मुकी आहे. ‘तिच्या मनात कटुता होती’ हे व्याकरणाने निर्दोष असले, तरी दोन पक्षांतल्या बिघडलेल्या संबंधांविषयी बोलल्यासारखे ऐकू येते. एकच शब्द इंग्रजीत जिभेवरही बसतो आणि मनातही, मग आपल्याकडे तो असा का सांडतो, या विचाराने मी कोश उघडला.

‘बिटर’ हा शब्द मुळात चवीचा नाहीच. चावणे या अर्थाच्या ‘बाइट’शी त्याचे सख्खे नाते आहे, आणि जुन्या इंग्रजीत तो शस्त्रालाही लागत असे. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यात नायक ड्रॅगनशी अखेरची झुंज देताना सुरा उपसतो, तेव्हा त्या सुऱ्याला कवीने ‘बिटर’ म्हटले आहे. म्हणजे चावणारा, मांसात शिरणारा. याही मागे गेलो तर जे मूळ हाती लागते त्याचा अर्थ फोडणे, चिरणे असा आहे, आणि संस्कृतातला ‘भिद्’ धातू त्याच मुळातून आलेला आहे. आपण ‘भेदक नजर’ म्हणतो तेव्हा नकळत ‘बिटर’चेच एक भावंड उच्चारत असतो. हे वाचले तेव्हा मी कोश मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो.

असे घडलेली इंग्रजी ही एकटीच भाषा नाही. ग्रीक भाषेत कडूला ‘पिक्रोस’ म्हणतात, आणि होमरच्या काव्यात हेच विशेषण टोकदार बाणाला लावलेले आढळते. संस्कृतात कडू चवीचे नाव ‘तिक्त’ (आपण ज्याला तिखट म्हणतो तो रस संस्कृतात ‘कटु’, मराठीत येईपर्यंत या शब्दाने चव बदलली), आणि ‘तिक्त’ ज्या ‘तिज्’ धातूपासून आला त्याचा अर्थ धार लावणे असा आहे. ‘तीक्ष्ण’ही त्याचाच. तिन्ही भाषांनी कडू चवीला नाव देताना टोचणाऱ्या किंवा कापणाऱ्या वस्तूकडे बोट दाखवले आहे. चवीचा शब्द पुढे भावनेला उसना दिला गेला, असे मी आजवर मानत होतो. आता वाटते की जखमेचा एक शब्द आधी होता, आणि जीभ व मन या दोघांनी तो वाटून घेतला.

अर्थात चवीने त्या शब्दाला स्वतःचे काही दिलेच नाही, असे मात्र नाही. परवा औषधाची गोळी घशाखाली जाता जाता जिभेच्या मुळाशी अडकली आणि तिचे आवरण विरघळले. पहिला क्षण कोरडा, खडूसारखा गेला. कडूपणा त्यानंतर आला आणि हळूहळू वाढत राहिला. दोन पेले पाणी प्यायलो, चूळ भरली, तरी गिळताना तो प्रत्येक वेळी पुन्हा जाणवत होता. गोड चव ओळखायला माणसाच्या जिभेवर मुख्यतः एकाच प्रकारचा ग्राहक (चव टिपणारा रेणू) असतो. कडू चवीसाठी मात्र सुमारे २५ प्रकारचे आहेत, कारण वनस्पतींमधली बरीच विषे कडू असतात आणि ती ओळखणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. सावकाश येणे, मागे रेंगाळणे आणि प्रत्येक घोटाबरोबर उजळणे, हे सारे त्या भावनेचेही वर्णन आहे.

म्हणूनच इंग्रजीतले शेजारचे शब्द ‘बिटर’च्या जागी चालत नाहीत. ‘ॲक्रिमनी’ ज्या लॅटिन कुळातली आहे त्याचा अर्थ झोंबणारे, आंबट-तिखट, त्यामुळे ती दोघांच्या भांडणात दिसते, एकट्याच्या मनात नाही. ‘रँकर’ हा कुजण्याचा शब्द आहे. खवट तेलाला इंग्रजीत जे विशेषण लागते त्याचेच मूळ ‘रँकर’ला आहे, आणि त्यात दुसऱ्याचे वाईट व्हावे ही इच्छा असते. ‘रिझेंटमेंट’ म्हणजे अक्षरशः पुन्हा जाणवणे. ‘बिटर’च्या सर्वांत जवळचा शब्द माझ्या मते हाच, फक्त त्याला चव नाही. ‘गॉल’ म्हणजे पित्त, तो शब्द आता बहुधा उद्धटपणासाठीच उरला आहे. ‘बिटर’ माणसाला कोणाचे वाईट करायचे नसते. आपल्यावर अन्याय झाला याची त्याला खात्री असते, आणि तो अन्याय आता कोणीही भरून देणार नाही याचीही. रागात थोडी आशा असते, ती यात उरलेली नसते.

बोचऱ्या थंडीला इंग्रजी माणूस ‘बिटर’ म्हणतो, तिथे जुने दात अजून शाबूत दिसतात. ‘बिटर एंड’ (अगदी शेवटचे टोक) या वाक्प्रचाराची गोष्ट थोडी वेगळी आहे: १६२७ सालच्या जॉन स्मिथच्या नौकानयनाच्या पुस्तकात त्याचा अर्थ जहाजावरच्या खुंटांना गुंडाळलेल्या दोराचा जहाजात राहणारा भाग असा आहे. आज तो वाक्प्रचार वापरणाऱ्याला त्यात कडूपणाच ऐकू येतो.

शेवटी मी लिहिले, ‘राग केव्हाच गेला होता, सल तेवढा राहिला होता.’ सल हा ‘शल्य’पासून आलेला शब्द, म्हणजे शरीरात रुतून बसलेले बाणाचे टोक. ‘बिटर’चे दात त्यात आले, याचे मला समाधान वाटले. पण दोनच परिच्छेदांनंतर ती स्त्री औषधाची गोळी चघळते आणि लेखक पुन्हा तोच ‘बिटर’ वापरतो. त्या दोन ठिकाणांमधला धागा हाच त्या पानाचा प्राण आहे. तिथे मला साधे ‘कडू’ लिहावे लागले. तो धागा मराठीत जोडण्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही, आणि ते पान मी अद्याप पाठवलेले नाही.