तुम्ही विचारलंत म्हणून : नोंदवलेली विजेची गाडी येईना, तर दुसरी का घेत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकवते, तिथल्या स्टाफरूमपासून आमच्या गावातल्या किराणा दुकानापर्यंत सध्या मला एकच प्रश्न विचारला जातो : बयाना देऊन इतके महिने झाले, गाडीचा पत्ता नाही, मग दुसरी का घेत नाही? शेजारच्या भाऊंनी तो त्यांच्या पद्धतीने विचारला, “मॅडम, काऊन थांबून राहिल्या? बजारात का गाड्या कमी हायेत?” गाड्या कमी नाहीत, हे खरेच आहे. विचारणाऱ्यांपैकी कित्येकांना स्वतःच्या घरी विजेची एसयूव्ही आणायची आहे आणि त्यांना माझ्याकडून नेमके नाव हवे असते, हेही मला कळते. म्हणून या काळात मी कोणत्या गाड्या पाहिल्या आणि त्या कशावर तोलल्या, ते सविस्तर लिहिते.

मी नोंदवलेल्या गाडीचे आणि कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. शोरूममधून सुट्या भागांच्या टंचाईचे कारण दिले जाते आणि त्याला आधार आहे. विजेच्या बहुतेक मोटारींच्या मोटरमध्ये कायम चुंबक असतात, आणि मोटर तापली तरी त्यांचे चुंबकत्व टिकावे म्हणून त्यांत डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारखी दुर्मिळ मूलद्रव्ये मिसळतात. चीनने 4 एप्रिल 2025 रोजी अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि त्याची झळ भारतासह जगभरच्या वाहन कारखान्यांना बसली. आता उरतो प्रश्न आपण काय करायचे याचा.

माझ्या मते पर्याय शोधताना पहिली चूक इथेच होते, की नोंदवलेल्या गाडीसारखीच दुसरी गाडी शोधली जाते. मी तसे न करता आमच्या घरच्या प्रवासाची यादी केली. रोजचे जाणे-येणे थोडे आहे, आठवड्यात एखादी फेरी यवतमाळची होते, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांच्या तपासणीसाठी किंवा मुलीला आणण्या-पोहोचवण्यासाठी नागपूर गाठावे लागते, ते जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या घरात जाते. कंपनी सांगते तो पल्ला, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाईल ते अंतर, या यादीशेजारी ठेवला की चित्र बदलते. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर ठरावीक चक्रात गाडी चालवून काढलेला असतो, आणि त्या चक्रात वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. 45 किलोवॅट-तासांच्या, म्हणजे 45 युनिट वीज साठवणाऱ्या, बॅटरीची नेक्सॉन ईव्ही कागदावर 489 किलोमीटर जाते, पण खुद्द टाटा कंपनीच प्रत्यक्ष वापराचा अंदाज म्हणून 350 ते 370 किलोमीटर सांगते. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, एसी एक क्षणही बंद ठेवता येत नाही आणि बॅटरी थंड ठेवायलाही वीज खर्च होते, म्हणून मी आणखी कडक हिशेब धरते : एका युनिटला साडेसहा किलोमीटर. त्या हिशेबाने नेक्सॉन तीनशेच्या आत थांबते, आणि 51.4 किलोवॅट-तासांची क्रेटा इलेक्ट्रिक सव्वातीनशेच्या थोडी पुढे जाते.

आता पाहा, नागपूरची फेरी यांपैकी कोणत्याच गाडीत एका चार्जिंगमध्ये होत नाही, आणि यवतमाळची फेरी दोन्हींत आरामात होते. म्हणजे क्रेटाचा चाळीसेक किलोमीटरचा जास्तीचा पल्ला, ज्यासाठी पैसे मोजायचे, तो माझ्या एकाही फेरीत चार्जिंगचा थांबा वाचवत नाही. गावातल्या माणसाने पल्ल्याकडे असेच पाहावे, असे माझे ठाम मत आहे. तुमची कोणती फेरी त्यामुळे नव्याने शक्य होते, एवढेच विचारावे. होत नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. नागपूरची फेरी एका दमात करायची तर 75 किलोवॅट-तासांच्या हॅरियर ईव्हीसारख्या मोठ्या बॅटरीकडे जावे लागते, आणि ती जड गाडी युनिटला साडेपाच किलोमीटर गेली तरी चारशेचा आकडा काठावरच पार होतो. वर्षातल्या मोजक्या फेऱ्यांसाठी एवढा खर्च मला पटत नाही. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत नागपुरात गाडी चार्जरवर उभी राहू शकते.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट घरची वीज आहे, आणि तिच्याविषयी शोरूममध्ये कोणी एक शब्द काढत नाही. रस्त्यावरचा चार्जर ॲपमध्ये सुरू दिसतो आणि प्रत्यक्षात बंद असतो, हा अनुभव आपल्या बाजूला नवा नाही. त्यामुळे गावातली गाडी घरीच चार्ज झाली पाहिजे. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवरून गाडीला तासाला तीन युनिटांच्या आसपास वीज मिळते, म्हणजे रिकामी क्रेटा भरायला सोळा-सतरा तास लागतात. 7.2 किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर तेच काम रात्रभरात करतो, पण तो एकटाच 32 अँपिअरच्या जवळ करंट ओढतो. गावातल्या घरांचा मंजूर भार बहुधा एक-दोन किलोवॅट असतो, त्यात कूलर, फ्रीज आणि पाण्याची मोटर आधीच असतात. महावितरणकडे भार वाढवून घेतल्याशिवाय आणि मीटरपासून चार्जरपर्यंत स्वतंत्र जाड केबल टाकल्याशिवाय हा चार्जर लावूच नये.

शेतात घर असलेल्यांनी तर आणखी सावध राहावे. गावठाणाचा फीडर, म्हणजे वीज आणणारी वाहिनी, वेगळा असेल तर वीज दिवसरात्र मिळते, पण शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज ठरावीक तासांचीच असते, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि कृषिपंपाच्या जोडणीवरून मोटारगाडी चार्ज करणे नियमातही बसत नाही. आमचे घर गावठाणात आहे म्हणून आम्ही हा विचार करू शकलो.

चार्जर बसवण्यापूर्वी वायरमनला बोलावले, तेव्हा त्याने आधी मीटरच्या खांबाकडे पाहिलेच नाही. तो थेट अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला. मल्टीमीटरची एक सुई न्यूट्रलला आणि दुसरी अर्थिंगला लावून त्याने आकडा दाखवला. तो एक-दोन व्होल्टांच्या आसपास असायला हवा होता आणि त्याच्या कितीतरी पट निघाला. कारण सरळ होते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, सळईभोवतीची माती तिला सोडून देते आणि अर्थिंग नावालाच उरते. घरातले दिवे-पंखे त्याची तक्रार करत नाहीत, पण गाडीचा चार्जर करतो. त्याला धड अर्थिंग मिळाले नाही तर तो लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतो, आणि माणसाला वाटते गाडीच बिघडली. आम्ही नवा खड्डा खोल घेतला, त्यात कोळसा आणि मीठ भरले, वरून नळी सोडली, आणि उन्हाळ्यात तिथे पाणी घालण्याचे काम घरात नेमून दिले. हा सगळा खर्च गाडी कोणतीही आली तरी वाया जात नाही, कारण मी पाहिलेल्या सर्व गाड्यांना भिंतीवरच्या चार्जरची टाइप-2 हीच जोडणी लागते. थांबण्याच्या काळात एवढे तरी प्रत्येकाने उरकून घ्यावे.

आता गाड्यांकडे येते. एमजी विंडसर प्रोचे आकर्षण मला मनापासून वाटले. 52.9 किलोवॅट-तासांची बॅटरी, मागच्या सीटवर पाय पसरून बसण्याची ऐसपैस जागा, आणि चढायला-उतरायला सोपी बैठक. सासूबाईंना तीच सर्वांत सोयीची झाली. विंडसर सप्टेंबर 2024 मध्ये आली तेव्हा बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाड्याने देण्याची योजनाही तिच्याबरोबर आली आणि सुरुवातीची किंमत दहा लाखांच्या आत दिसू लागली. ज्याचे चालणे कमी आहे त्याने या योजनेचा हिशेब जरूर करावा; ज्याचे जास्त आहे, त्याने किलोमीटरमागच्या भाड्यात घरच्या विजेचा खर्च मिळवून मगच ठरवावे. परंतु या गाडीचे पोट मला जमिनीच्या फार जवळ वाटले. आमच्या शेताकडची पांदण पावसाळ्यानंतर जशी असते, ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये वाळलेला उंचवटा, तिच्यावर गाडीच्या पोटाशी असलेली बॅटरी घासत नेणे मला धोक्याचे वाटते.

त्याच पांदणीवर बाभळीचे काटे असतात. काही नव्या विजेच्या गाड्यांत स्टेपनीच मिळत नाही, फक्त पंक्चर किट मिळते, आणि टायरची बाजू फाटली तर त्या किटचा काही उपयोग होत नाही. शोरूममध्ये छतावरची काच पाहण्याआधी डिकी उघडून स्टेपनी पाहावी, असे मी आता सगळ्यांना सांगते. हॅरियर ईव्हीमध्ये चारही चाकांना जोर देणारा प्रकार मिळतो, आणि चिखलासाठी तोच घ्या, असा सल्ला मला अनेकांनी दिला. पण काळ्या मातीचा चिखल टायरच्या नक्षीत बसून चाक गुळगुळीत करून टाकतो; मग दोन चाके फिरोत की चार, गाडी तिथेच राहते. त्या दिवसांत आमच्याकडे ट्रॅक्टरच जातो. नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहत असतानाचेही तसेच आहे. बॅटरीला आयपी-67 दर्जा आहे, म्हणजे ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, हे खरे. पण पाण्याचा लोंढा गाडीच ढकलून नेतो, आणि त्याला बॅटरीचा दर्जा अडवत नाही.

राहिल्या क्रेटा इलेक्ट्रिक आणि नेक्सॉन. क्रेटा चालवायला अधिक शांत आहे, सीट अधिक चांगल्या आहेत, आणि घरी मत घेतले असते तर तीच निवडून आली असती. तरीही माझा कौल नेक्सॉनकडे झुकतो. तिची बॅटरी लोह-फॉस्फेट प्रकारची आहे. हा प्रकार वजनाच्या मानाने थोडी कमी वीज साठवतो, पण उष्णता अधिक सोसतो आणि चार्जिंगची आवर्तनेही जास्त झेलतो. यवतमाळच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मला हा गुण सगळ्यांत मोठा वाटतो. विंडसरमध्येही बॅटरी याच प्रकारची आहे. दुसरे कारण वर्कशॉपचे. वर्कशॉप जवळ असणे आणि त्यात हाय-व्होल्टेजचे काम शिकलेला माणूस असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही कोणतीही गाडी पाहा, पण सेल्समनला न विचारता थेट वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा की बॅटरीचे काम इथे होते की गाडी नागपूरला पाठवावी लागते. मी सगळीकडे हाच प्रश्न विचारत गेले, आणि मिळालेल्या उत्तरांनी माझी यादी जेवढी आखूड केली तेवढी कोणत्याही परीक्षणाने केली नाही.

पेट्रोलची गाडी घेऊन मोकळे व्हा, असेही सुचवले जाते. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि विजेच्या गाड्यांवर तो 5 टक्केच राहिला, त्यामुळे दोहोंतले अंतर कमी झाले आहे. ज्यांच्या घरी चार्जिंगची सोय होणार नाही त्यांना मी स्वतः पेट्रोलच सुचवते. आमच्या घरी ती सोय झाली आहे. शिवाय ऑगस्ट 2025 पासून समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोल माफ आहे आणि आम्हाला कारंजावरून त्या रस्त्याला लागता येते. फक्त तिथे ताशी 120 ने जाऊ नये. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि पल्ला डोळ्यांदेखत घटतो. नव्वदने गेल्यास वीजही वाचते आणि उन्हात तापलेल्या काँक्रीटवर टायरही सुरक्षित राहतात.

मग इतके सगळे ठरले असताना मी थांबले का आहे? कारण जुनी डिझेल गाडी अजून व्यवस्थित चालते, नोंदवलेल्या गाडीत उंच बैठक आणि स्टेपनी या आमच्या दोन्ही गरजा एकत्र भागतात, आणि नोंदणीच्या दिवशीचीच किंमत राहील हे शोरूमने मला लेखी दिले आहे. तुमच्याकडे असे लेखी नसेल तर आजच मागा, आणि गाडी वर्षअखेरीस आली तर ती कोणत्या महिन्यात बनली हे कागदावर पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नका. बँकेच्या कर्जमंजुरीला मुदत असते; माझी संक्रांतीच्या सुमारास संपते आणि ती पुन्हा वाढवून घेण्याची माझी इच्छा नाही. तोवर गाडी आली तर उत्तम. नाही आली तर बयाना परत मागण्याचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, आणि त्याच दिवशी यवतमाळला जाऊन 45 किलोवॅट-तासांची नेक्सॉन नोंदवणार आहे, मात्र जी गाडी डेपोत प्रत्यक्ष उभी आहे आणि जिचा चासी नंबर मला दाखवला जाईल, तीच.