चाकाखालचं लिंबू

दसऱ्याच्या सकाळी बडोद्यातल्या कुठल्याही शोरूमसमोर गाड्यांच्या आधी लिंबांची टोपली दिसते. एका गाडीला चार लिंबं, एक नारळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि मागच्या सीटवर पेढ्यांचा खोका. गाडी पुढं सरकते, लिंबं फट्‌ फट्‌ फुटतात आणि घरातली सगळ्यात मोठी बाई हुश्श करते. नव्या गाडीचं हे मूळचं संरक्षण. पन्नासाच्या नोटेत भागतं आणि त्याच्या अटी कुणी बारीक अक्षरांत छापत नाही.

दुसरं संरक्षण आधीच्या आठवड्यात कोटेशनच्या तळाशी येऊन बसलेलं असतं. एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, फास्टॅग आणि मग एकच ओळ : ‘प्रोटेक्शन पॅकेज, १८,५००’. हे काय म्हणून विचारलं की उत्तर तयार असतं, “साहेब, नवी गाडी छे, बधा ज करावे छे.” म्हणजे सगळेच करून घेतात. साडेनऊ लाखांच्या आकड्याखाली साडेअठरा हजार डोळ्यांत भरत नाहीत. शालू घेतल्यावर फॉल-पिकोला कोण घासाघीस करतं? पण फॉल लावला नाही तर शालूचा काठ जातो. हे पॅकेज घेतलं नाही तर बहुतेक वेळा काहीच जात नाही.

म्हणून ती ओळ आधी सोडवून मागावी. आत सहसा पाच वस्तू निघतात : टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, सायलेन्सर कोटिंग, सीटवर मारायचा फवारा आणि उंदरांसाठी एक फवारा.

टेफ्लॉन हे नाव आपल्याला डोशाच्या तव्यावरून ओळखीचं. तव्यावर ते पक्कं बसवायला भट्टी ३०० अंशांच्या पुढं न्यावी लागते. गाडीला तेवढी धग दिली तर रंग, रबर, बंपर सगळ्याचंच भरीत होईल. त्यामुळं नाव टेफ्लॉनचं असलं तरी प्रत्यक्षात गाडीवर चढतं ते चांगल्यापैकी पॉलिश. तीन-चार महिने पाणी मोत्यासारखं घरंगळतं, मग थांबतं. तसल्या पॉलिशची बाटली काही शे रुपयांत मिळते आणि रविवारची सकाळ बरी जाते.

सिरॅमिक कोटिंग हा त्याचा श्रीमंत चुलतभाऊ. तो खोटा नाही, पण त्याच्याबद्दलच्या अपेक्षा खोट्या असतात. कंपनीचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाड. त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा. सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉनचा. ट्रकच्या चाकातून उडालेली खडी तो अडवेल असं म्हणणं म्हणजे मलमलीचा सदरा घालून विटी-दांडूची विटी छातीवर झेलणं. ‘९ एच’ हा कडकपणा पेन्सिलींच्या मोजपट्टीवरचा आहे, हिऱ्या-माणकांच्या नव्हे. त्याचा खरा फायदा असा, की चिकटलेली धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा चटकन सुटते. पण बोअरच्या जड पाण्यानं धुवून गाडी उन्हात वाळू दिली तर क्षारांचे पांढरे गोल डाग त्यावरही बसतात.

शिवाय सगळं यश आधीच्या तयारीवर. गाडी धुवायची, क्लेनं, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ गोळ्यानं, घासून रुतलेली धूळ काढायची, पॉलिश करायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तेलकटपणा पुसायचा, मग दोन-दोन फुटांचा तुकडा घेऊन कोटिंग लावायचं आणि दोनेक मिनिटांत स्वच्छ मायक्रोफायबरनं सपाट करायचं. पुसायला उशीर झाला तर इंद्रधनुषी ठिगळ राहतं आणि ते पुन्हा पॉलिश केल्याशिवाय निघत नाही. वर एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर धुवायची नाही. दसऱ्याच्या आदल्या रात्री तीस गाड्या उरकणाऱ्या यार्डात यातलं किती होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. कोरड्या फडक्यानं धूळ झटकून पाडलेले बारीक ओरखडे कोटिंगखाली कायमचे बंद होतात, एवढं मात्र नक्की.

खडीवर उपाय हवाच असेल तर तो पीपीएफचा, १५० ते २०० मायक्रॉनच्या पारदर्शक फिल्मचा. अहमदाबाद एक्स्प्रेस-वेवर रोज ये-जा असेल तर बॉनेटची पुढची कड, बंपर आणि आरसे एवढ्यापुरती ती लावावी. अख्खी गाडी गुंडाळणं म्हणजे सोफ्याचं प्लास्टिक आयुष्यभर न काढणं.

सायलेन्सरची गंमत वेगळी आहे. पॅकेजात त्याच्यावर बाहेरून चंदेरी रंग मारतात. पण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडतं. थंडीच्या सकाळी पार्किंगमध्ये गाडी सुरू केली की नळीच्या टोकाशी थेंब टपकतात, ते हेच. रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत भाजीला जाऊन परत, एवढंच धावणाऱ्या गाडीचा सायलेन्सर धड तापतच नाही. वाफ आत साठते, तिचं पाणी होतं आणि डबा आतून गंजतो. बाहेरच्या चंदेरीला त्याचा पत्ताही नसतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं सलग हमरस्त्यावर गाडी फिरवून आणावी. याचं बिल कुणी देत नाही, म्हणून हा सल्लाही कुणी देत नाही.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल आमचं मत थोडं मऊ आहे. गाडीचा सांगाडा कारखान्यातच प्रायमरच्या हौदात बुडवून निघतो, जोडांवर आणि चाकांच्या कमानींवर सीलंट असतं. बडोदं काही समुद्रकाठी नाही. पण सुट्टी लागली की गाडी कोकणात जात असेल किंवा नोकरी समुद्रकाठच्या दहेज गावाकडं असेल, तर करून घ्यायला हरकत नाही. मात्र समोर उभं राहून. गाडी लिफ्टवर घेतली पाहिजे. तळ धुऊन पूर्ण वाळला पाहिजे. ब्रेकच्या डिस्क, सायलेन्सर, ऑक्सिजन सेन्सर आणि अॅक्सलचे रबरी बूट कागदानं झाकले पाहिजेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दरवाज्यांच्या खालच्या कडेला आणि उंबऱ्याच्या पत्र्याला पाणी निथळायची छोटी भोकं असतात, ती मोकळी राहिली पाहिजेत. ती डांबरानं बुजली की पावसाचं पाणी आतच राहतं आणि गंज रोखायला केलेलं कोटिंगच गंज पोसतं.

सीटचा फवारा सोडून द्या. कव्हर तर आपण घालणारच आहोत. उंदरांचा फवारा आठवड्या-दोन आठवड्यांत उडून जातो. वाड्याच्या नाहीतर पोळीच्या, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीच्या, तोंडाशी गाडी उभी राहत असेल तर इंजिनाखाली बारीक तारेची जाळी बसवून घ्यावी आणि गाडीत चिवड्याचं पाकीट ठेवू नये.

एक्स्टेंडेड वॉरंटी या यादीतली सज्जन वस्तू. मात्र ती गाडीच्या कंपनीची आहे की शोरूमनं तिसऱ्याच कुणाची गळ्यात मारली, ते कागदावर बघावं. क्लच, ब्रेक पॅड, वायपर तीत येत नाहीत. ऑटोमॅटिक गिअर, टर्बो आणि मोठा स्क्रीन असलेल्या गाडीला ती घ्यावी. पहिल्याच दिवशी घेतली पाहिजे असं नाही. मूळ वॉरंटी संपण्याआधी घेता येते, फक्त उशिराबरोबर भाव चढतो.

आता राहिली ती ओळ, जिच्याबद्दल काउंटरवर कुणी आवाज चढवून बोलत नाही. विम्याची. तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन टेबलावर ठेवलं की आतला आकडा खाली येतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या बंपरची निम्मी किंमत मालकाच्या खिशातून जाते, म्हणून पहिली काही वर्षं झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घसारा-कपात न करणारं जोडकलम, हवाच. आणि बडोद्यात तरी त्याच्या शेजारचं ‘इंजिन प्रोटेक्ट’ सोडू नये. ३१ जुलै २०१९ ला इथं एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीनं धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्या वर मजल मारली, आणि समा, अकोटा, फतेहगंजकडच्या गाड्या उभ्या जागी बुडाल्या. सिरॅमिकवाल्याही.

उभी गाडी बुडाली तर साधी सर्वंकष पॉलिसीही बरंच काही देते. घात होतो तो पाणी ओसरल्यावर बटण दाबून बघितल्यानं. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुरानं नाही, तुम्ही केलंत, असं म्हणून साधी पॉलिसी हात वर करते. काही लाखांचं हे बिल ‘इंजिन प्रोटेक्ट’मध्ये येऊ शकतं, आणि त्याचा हप्ता बहुतेक गाड्यांना त्या टेफ्लॉनपेक्षा कमी बसतो. काही कंपन्या बुडालेली गाडी चालू करून बघितली तर यातही खोड काढतात, तेवढं कलम वाचून घ्यावं.

तेव्हा पाणी उतरल्यावर किल्ली खिशातच ठेवायची. दारावर उमटलेल्या चिखलाच्या रेषेचा फोटो काढायचा, विमा कंपनीला कळवायचं, १० नंबरच्या पान्यानं बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि गाडी टो करून न्यायची. फक्त पाना घेऊन बॉनेटकडं जाण्याआधी गाडीखाली लांबूनच एकदा वाकून बघावं. २०२४ ला इथं सोसायट्यांच्या गल्ल्यांत मगरी आल्या होत्या.